तौफीक कम्मून दवाखाना निवडतो

तौफीक कम्मूनला हर्निया झाला ही गोष्ट त्याने घरात कळू दिली नव्हती. पण माणूस शिंकताना दोन्ही हातांनी ओटीपोट धरू लागला की बायकोला वेगळं सांगावं लागत नाही. नेझीहाने त्याला सरळ डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, खोकायला लावलं आणि सांगितलं, "ऑपरेशन करावं लागेल. घाई नाही, पण टाळाटाळही नको. आतडं अडकलं तर पळापळ होईल."

त्यातलं 'घाई नाही' एवढंच तौफीकने घरी आणलं.

सफाक्स शहराच्या जुन्या बाजारात ऑलिव्हचं तेल विकण्यात त्याची हयात गेली होती. दुकान आता पुतण्या बघायचा, पण भाव अजून तौफीकच ठरवायचा. सफाक्सचा माणूस मुळातच हाताला चिकट, असं राजधानीतले लोक म्हणतात; आणि सफाक्सचे लोक तौफीककडे बोट दाखवतात. आपल्याच निकाहाच्या दिवशी त्याने निकाह लिहायला आलेल्या गृहस्थाशी फीवरून घासाघीस केली होती, असं नेझीहा चारचौघांत सांगायची. तौफीकने ते कधी नाकारलं नाही. "पण कमी केलेच की त्याने," एवढंच म्हणायचा.

संध्याकाळी त्यांची मुलगी उल्फा आली. ती शाळेत गणित शिकवायची. तिने फोन बापासमोर धरला.

"हे बघा बाबा. हा 'फिरदौस', समुद्राकडचा. सगळ्यात महाग, पण साडेचार तारे. हा 'सनौबर', खर्च मध्यम, चार तारे. आणि सरकारी रुग्णालय, जवळजवळ फुकट. अडीच तारे."

"फिरदौस?" तौफीक म्हणाला. "म्हणजे स्वर्ग! पोट कापायच्या जागेला कोणी असलं नाव ठेवतं का?"

"नावाचं सोडा. तारे बघा."

"हे तारे दिले कोणी?"

"पेशंटांनी."

"कुठले पेशंट? कोणाची मुलं? त्यांना काय कळतं? अगं, सख्ख्या भावाकडचं तेलसुद्धा मी चाखल्याशिवाय घेतलं नाही. आणि पोट कोणाच्या हाती द्यायचं ते परक्यांच्या ताऱ्यांवर ठरवू?"

"मग काय करणार?" नेझीहाने स्वयंपाकघरातून विचारलं. "दवाखाना चाखून बघणार?"

"बघणार!" तौफीक म्हणाला.

आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून तो भेटीच्या वेळेत दवाखान्यांतून फिरू लागला. आजाऱ्याची विचारपूस हे पुण्याचं काम. त्यामुळे 'तुम्ही कोणाकडे आलात' असं कोणी विचारत नाही. पांढऱ्या केसांचा माणूस हातात संत्र्यांची पिशवी घेऊन आत शिरला की दारवानही सलाम करतो.

फिरदौसमध्ये संगमरवर होता, काचेच्या टाकीत मासे होते, आणि तिसऱ्या खोलीत नातवंडांच्या गराड्यात बसलेली एक म्हातारी होती. तौफीकने संत्री दिली, दुआ दिली आणि हळूच विचारलं, "कसा आहे हा दवाखाना?"

"एक तारा!" म्हातारी कडाडली. "सुनेने पहाटे उठून माझ्यासाठी कुसकुस रांधला, तर डबा दारात अडवला!"

"आणि डॉक्टर?"

"असेल चांगला. मी कुठे बघितला? मी झोपले होते."

सनौबरमध्ये त्याला नळ-खिळ्यांचा एक दुकानदार भेटला, मोडलेला पाय टांगून पडलेला. त्याने पाच तारे दिले होते आणि सहावा असता तर तोही दिला असता. "या खिडकीतून माझं दुकान दिसतं," तो कुजबुजला. "मुलगा शटर किती वाजता उघडतो, कोणाशी गप्पा मारतो, सगळं कळतं. मला इथून हलवू नका म्हणून सांगितलंय." शेजारच्या खोलीत नुकताच बाप झालेला एक तरुण सगळ्यांना बर्फी वाटल्यासारखे तारे वाटत होता. त्या आनंदात त्याने बसथांब्यालाही पाचच दिले असते.

तौफीक घरी आला तो वैतागूनच.

"जेवण, खिडकी, पार्किंग! चिरफाडीबद्दल एक जण बोलेल तर शपथ!"

"तू तरी कुठे बोलतोस?" नेझीहा म्हणाली. तौफीकने ऐकलं नाही असं दाखवलं.

शेवटी राहिलं सरकारी रुग्णालय. तिथला पुरुषांचा वॉर्ड म्हणजे जत्राच. प्रत्येक खाटेभोवती भाऊ, मेव्हणे, शेजारी, चहाचे थर्मास. फक्त खिडकीजवळच्या खाटेशी एक रिकामी खुर्ची होती, आणि खाटेवर काटकुळा, उन्हाने रापलेला एक म्हातारा बसून होता. तौफीकने खुर्ची ओढली.

"सलाम. काय झालंय?"

"हर्निया. उजवीकडचा."

"माझाही उजवीकडचा!" तौफीकला एवढा आनंद झाला की जणू आईकडून नातं निघालं.

म्हाताऱ्याचं नाव हाजी मबरूक. दूर दक्षिणेत, ततावीनच्याही पलीकडे, डोंगरातल्या एका गावात त्याच्या शेळ्या होत्या. बायको वारली होती, दोन्ही मुलं फ्रान्समध्ये. ऑपरेशन होऊन गेलं होतं, पण रक्तातल्या साखरेमुळे जखम लवकर भरत नव्हती, म्हणून ठेवून घेतलं होतं.

"मग कसं आहे इथलं काम?" तौफीक मुद्द्यावर आला.

"कशातलं?"

"सगळ्यातलं. मला ठरवायचंय."

मबरूकने त्याच्याकडे नीट बघितलं. आधी पिशवीकडे, मग चेहऱ्याकडे. "सगळं एका बैठकीत सांगतात होय? आज जेवणाचं सांगतो. जेवण अळणी. शेळीपुढे टाकलं तर ती माझ्याकडे बघेल. आता तुझं सांग. मुलं किती?"

तौफीकने मुलांचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं, यंदाच्या पिकाचं सांगितलं. घंटा झाली तसा तो उठला. "आणि नर्सेस? डॉक्टर?"

"उद्या ये. नर्सेसचं सांगतो. आणि हे बघ, संत्री मला चालत नाहीत. भाजलेले बदाम आण. खारे."

जिन्यावरून उतरताना तौफीकच्या ध्यानात आलं. माल पूर्ण दाखवायचा नाही, गिऱ्हाईक परत आलं पाहिजे. ही तर त्याचीच विद्या! त्याला राग यायला हवा होता. पण मनात आलं ते कौतुकच.

दुसऱ्या दिवशी नर्सेसचं कळलं: रात्रीची रागीट, पण सुई हलक्या हाताने टोचते, दिवसाची गोड बोलते आणि दंड काळानिळा करते. त्यापुढच्या भेटीत औषधांचं, मग चादरींचं. डॉक्टरचा विषय निघाला की मबरूक बदाम चघळत म्हणायचा, "घाई काय आहे? डॉक्टरांनीच सांगितलंय ना तुला, घाई नाही?" मधल्या वेळात पत्त्यांचा डाव व्हायचा. मबरूक उघड उघड लबाडी करायचा आणि पकडला गेला की पोटाला हात लावून कण्हायचा.

"भडव्या, दुखतंय ते खोटं!"

"सफाक्सवाल्या, आजारी माणसाला शिव्या देतोस? चांगलं पुण्य कमावतोयस!"

इकडे घरातले बदाम संपत चालले होते. दवाखाने तीनच, ते बघून झाले, तरी नवरा रोज दुपारी दाढी करून, अत्तर लावून कुठे जातो, हे नेझीहाला कळेना. अशा वयात नको ते मनात आणणारी बाई ती नव्हती, पण बदामांचा हिशेब तिला लागत नव्हता. एका दुपारी ती गुपचूप मागे निघाली.

वॉर्डच्या दारातून तिने पाहिलं. घरात स्वतःचा चहाचा पेला न उचलणारा तिचा नवरा एका परक्या म्हाताऱ्याची उशी नीट करत होता.

"माशाअल्लाह!" ती म्हणाली.

तौफीक दचकला आणि सवयीने ओटीपोट धरलं. मबरूक मात्र खुलला. "या वहिनी, या. तुमच्या बदामांमुळेच जिवंत आहे."

"म्हणजे बदाम इथे येतात होय! आणि हा म्हणे दवाखाना निवडायला येतो!"

"निवडायला?" मबरूक हसला. "वहिनी, मी आयुष्यभर शेळ्या हाकल्या. ओढा ओलांडायच्या आधी जी शेळी इकडचं गवत हुंगते, तिकडचं हुंगते, तिला गवत नको असतं. तिला पाण्यात उतरायचं नसतं."

तौफीकचा हात ओटीपोटावरून सुटला. तो खुर्चीत बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "भूल देतात ना. त्यात माणूस काहीबाही बोलतो म्हणे."

"मग?"

"मी तेलाचा खरेदीचा भाव सांगून टाकला तर?"

नेझीहाने तोंडाला ओढणी लावली. तिचे खांदे हलत होते. पण मग तिने नवऱ्याचे हात पाहिले. ते गुडघ्यांवर घट्ट दाबून धरलेले होते.

"आणि उठलोच नाही तर?" तो म्हणाला.

ओढणी खाली आली. नेझीहा जवळ सरकली. मबरूक म्हणाला, "मलाही तेच वाटत होतं. इथे विचारायला कोणी नव्हतं म्हणून नर्सला विचारलं. ती म्हणाली, उठाल, आणि उठल्यावर कुरकुर कराल. तसंच झालं."

तेवढ्यात फेरीवर डॉक्टरीणबाई आल्या. इब्तिसाम फुराती, ठेंगण्या, चपळ, चष्मा केसांत खोचलेला. मबरूकची जखम बघून त्या खूश झाल्या. मग वळून म्हणाल्या, "तुम्ही कम्मून ना? तेलवाले? तुम्हाला मी सनौबरमध्ये पाहिलंय. आणि फिरदौसमध्येही. घरात एवढं कोण कोण आजारी आहे?"

"तुम्ही... तिथे कशा?" तौफीक चाचरला.

"सकाळी इथे असते. ठरलेल्या दुपारी सनौबर, नाहीतर फिरदौस. हर्निया मीच करते, तिन्हीकडे."

तौफीक ताडकन उभा राहिला. "तिन्हीकडे? तुम्हीच? याच हातांनी?"

"दुसरे कुठून आणू?"

"आणि भाव तीन? तारे तीन तऱ्हेचे? हात एक, आणि भाव तीन! याला काय म्हणायचं?"

"व्यापार म्हणायचं," नेझीहा मागून म्हणाली. "एकाच पिंपातलं तेल. बाजारवाल्यांना पत्र्याच्या डब्यात, वकील-डॉक्टरांना बाटलीत, आणि राजधानीच्या पाहुण्यांना फीत बांधलेल्या बाटलीत. भाव मात्र तीन. कोण करतं रे हे, तौफीक?"

मबरूक हसता हसता खरोखरच कळवळला आणि टाके धरून बसला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "थांबा थांबा. फीत बांधलेली बाटली तर आमच्याही घरी येते!"

"ती... बाटली काचेची असते," तौफीक म्हणाला. "फीतही रेशमी असते."

"फिरदौसमध्येही माशांची टाकी असते," बाई म्हणाल्या.

यापुढे घासाघीस करायला तोंड कुठे उरलं होतं? तरी तौफीकने विचारलंच, की तिन्हीत कमी दुखतं कुठे. बाईंनी त्याला नीट उत्तर दिलं. काम तेच, काळजी तीच. त्या दोन्हीकडे एकांत मिळेल आणि तारीख लगेच, इथे गर्दी आणि थांबावं लागतं. "पण हाजी परवा घरी जातायत. ही खाट रिकामी होईल. यायचं असेल तर आत्ता सांगा."

तौफीकने खाटेकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. 'विचार करून सांगतो' हे शब्द ओठांवर आले होते. नेझीहाने ते ओळखले. तिने नुसता हात पुढे करून त्याची मूठ धरली.

"येतो," तौफीक म्हणाला.

अडचण एकच निघाली. टाके काढायला मबरूकला पुन्हा यावं लागणार होतं, आणि गाव पडलं दिवसभराच्या वाटेवर. "आमच्याकडे राहा," नेझीहा म्हणाली. तौफीकने त्यालाही मान डोलावली. म्हणून ज्या दिवशी तौफीक त्या खाटेवर आडवा झाला, त्या दिवशी मबरूक त्याच्या घरी त्याच्या खुर्चीत बसून त्याच्या बायकोच्या हातचं जवाचं सूप पीत होता. स्ट्रेचरवरून जाताना तौफीक भीतीपेक्षा त्याच विचाराने जास्त अस्वस्थ होता, आणि नेझीहाच्या मते ते बरंच झालं.

तो उठला. उठल्या उठल्या कुरकुर केली. मग रात्री नर्सला जवळ बोलावलं. "मी काही बोललो का?"

रात्रपाळीची ती रागीट नर्स गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "सगळं."

"सगळं म्हणजे?"

"ते आम्ही बाहेर सांगत नाही." आणि ती गेली. पुढे त्याने कितीदा विचारलं, तरी तिने पत्ता लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मबरूक पाय ओढत आला. त्याने खुर्ची घेतली आणि पत्ते पिसले. वॉर्डमधले लोक तौफीकला सल्ले देत होते, पलीकडच्या खाटेवरचा कोणाचा तरी मेव्हणा त्याच्या उशाशी चहा ठेवून गेला. तौफीकला चहा अळणी नव्हे, पण पांचट लागला. तो त्याने संपवला.

घरी आल्यावर उल्फाने फोन पुढे केला. "आता द्या बाबा, तारे. किती?"

"तीन."

"तीनच? अहो, सगळं छान झालं म्हणता ना?"

"म्हणूनच तर! पाच दिले तर उद्या सगळं सफाक्स तिथे लोटेल. तुझ्या आईच्या गुडघ्याच्या वेळी खाट कुठून आणू?"

नेझीहाने गुडघा झाकला. "माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही."

"असं का?" तौफीक म्हणाला. "मग जिन्यात मध्येच थांबून शेजारणीची कुंडी बघत असतेस, ती कशाला?"

मबरूकचे टाके निघाले त्या दिवशी दोघे नवरा-बायको त्याला ततावीनच्या गाड्यांच्या अड्ड्यावर सोडायला गेले. वजन उचलायची दोघाही म्हाताऱ्यांना बंदी, म्हणून बोचकं नेझीहाच्या डोक्यावर, आणि तेलाचा डबा तिच्या हातात. तौफीकने ड्रायव्हरशी भाड्यावरून हुज्जत घातली. भाडं सरकारने ठरवलेलं आहे, असं ड्रायव्हरने तीनदा सांगितलं. शेवटी त्याने म्हाताऱ्याला खिडकीची जागा दिली, तेव्हा कुठे तौफीक थांबला.

"वसंतात या," मबरूक आतून म्हणाला. "शेळ्या व्यालेल्या असतील. दूध ताजं मिळेल."

"बघू," तौफीक म्हणाला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, खिडकीत वाकून म्हणाला, "येतो. नक्की येतो."

गाडी भरली, दार लागलं. गाडी वळणाआड होईपर्यंत नेझीहा उभी राहिली, आणि मग गुडघा चोळत, कोणी बघत नाही असं समजून, हळूहळू घराकडे चालू लागली. तौफीक तिच्या मागे दोन पावलं राहून चालला, आणि त्याने आपली चाल तिच्या चालीइतकी हळू केली.