ताम्हिणीत उभी केलेली छत्री

मी छत्री बोलतेय. पावसात तुम्ही डोक्यावर धरता ती नव्हे. मी स्वतःच भिजत उभी असते, उपग्रहाकडे तोंड करून. अ‍ॅल्युमिनियमच्या बारा पाकळ्यांची, दोन पुरुष उंचीची.

पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. १९८४च्या जुलैत मला ट्रकवर घालून ताम्हिणी घाटातल्या एका गावात नेलं. धो धो पावसात उपग्रहावरून केलेला फोन किती टिकतो, ते टेलिफोन खात्याला बघायचं होतं. तेवढा पाऊस दुसरीकडे कुठं मिळणार?

मला साहेबराव नावाच्या शेतकऱ्याच्या नाचणीच्या रोपांत उभं केलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं हरकत घेतली तेव्हा आमच्या मोठ्या साहेबांनी शिक्क्याचा कागद पुढं केला.

"कागदावर नाचणी पिकत न्हाई," साहेबराव म्हणाला आणि माझ्या पायाशी थुंकला.

तेव्हापासून गावानं आमच्याशी बोलणं टाकलं. शेजारच्या घरातली रंभाबाई येता-जाता माझ्याकडे बघून कडाकडा बोटं मोडायची. तिचा नवरा बहिरू रस्त्याच्या कामावर मजूर होता, तोही मान फिरवायचा. मलाही ही माणसं मुळीच आवडत नव्हती.

माझं तोंड नेमक्या दिशेला लावायची ती जया. जवळच्याच भरे गावच्या बौद्ध कुटुंबातली मुलगी, शिकून खात्यात तंत्रज्ञ झालेली. एकदा साहेबरावानं तिला दरडावून विचारलं, "आभाळात काय सांडलंय तुमचं?"

"छत्तीस हजार किलोमीटरवर उपग्रह हाय, आबा. पृथ्वीच्याच चालीनं फिरतोय, म्हणून हितनं एका जागी थांबल्यावानी वाटतो. आपलं बोलणं त्याच्याकडं जातं आणि तो ते दुसऱ्या गावाला खाली धाडतो. समुद्रातली जहाजंबी असंच बोलत्यात."

"मग एवढं मोठं धूड कशाला?"

"तो लई लांब हाय. खालनं फिरणारे उपग्रह जवळ असत्यात, त्यांना लहान यंत्र पुरंल. पण ते घटकाभरात डोंगराआड जात्यात. एक मावळायच्या आत दुसरा उगवंल, असे पुष्कळ सोडले तर माणूस कुठूनबी फोन करंल, हातात धरून."

"म्हंजी तवर आमची नाचणी तुडवा," म्हणून तो निघून गेला.

आठव्या दिवशी सकाळी घाटात दरड कोसळली. रस्त्याकडेचं गटार मोकळं करणाऱ्या बहिरूचा पाय दगडाखाली चेंगरला. पौडवरून पुण्याला जाणारा रस्ता बंद, आणि गावात टेलिफोन नव्हताच. रंभाबाई चिखलातून धावत आमच्या ट्रकपाशी आली.

"दवाखान्याला फोन लावा. माणूस मरतोय."

मोठे साहेब म्हणाले, "हे चाचणीचं यंत्र आहे. खाजगी फोनची परवानगी नाही. माझी नोकरी जाईल."

दरड ओलांडून पोलीस चौकीच्या वायरलेसवर निरोप द्यायला माणूस पाठवावा, असा विचारही त्यांनी केला नाही. मला त्या क्षणी त्यांची किळस आली.

जयानं फोन उचलला. उपग्रहावरून तो दिल्लीला लागला, आणि तिथल्या ऑपरेटरनं पुण्याचं मोठं रुग्णालय जोडून दिलं. जखम कशी आहे ते सांगायला तिनं रंभाबाईच्या हातात फोन दिला. रंभाबाई बोलली, पण पलीकडून लगेच उत्तर येईना.

"ह्यो बोलंना. ह्यालाबी आमची पर्वा न्हाई."

"थांबा. आवाज वर जाऊन खाली यायला वेळ लागतो."

मग डॉक्टरांचा आवाज आला. पाऊस माझ्या पाकळ्यांवर आपटत होता, आणि मी तो आवाज धरून ठेवला.

रुग्णालयाची गाडी दरडीपलीकडे येऊन थांबली. साहेबरावानं आणि गावकऱ्यांनी बहिरूला घोंगडीच्या झोळीतून चिखलावरून पार केलं. त्याचा पाय गेला, जीव वाचला.

गाव मात्र निवळलं नाही. आमच्या ट्रकच्या हादऱ्यानंच दरड आली, असं म्हणत त्यांनी माझ्यावर दगड मारले. मोठ्या साहेबांनी जयाची चौकशी लावली. वरचे अधिकारी आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "फोन कुणी केला?"

जया बोलणार, तोच रंभाबाई पुढं झाली. "म्या केला. हिसकावून घेतला. हिनं अडवलं मला."

"नंबर कसा लावलास?"

"त्ये मला ठावं न्हाई. म्या केला."

कुणाचाच विश्वास बसला नाही. जया शांतपणे म्हणाली, "फोन मी केला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन." तिची बदली झाली. निघताना ती रंभाबाईला भेटायला गेली, तर बाईनं दारातूनच सांगितलं, "जा बाई. पर ही छत्री घिऊन जा. साहेबरावाची जमीन मोकळी कर."

आता पाच वर्षं मी पुण्यात खात्याच्या गोदामात मोडीत निघायची वाट बघत पडून आहे. फोनची चाचणी यशस्वी झाली, असा अहवाल गेला. त्यात तो एक फोन धरलेला नाही, कारण तो नियमाबाहेरचा होता.

उद्या तुम्ही आभाळभर उपग्रह सोडाल, हातात यंत्रं घ्याल. खुशाल घ्या. पण ज्याच्या रोपांवर पाय रोवाल, त्याला आधी विचारा. आणि तो धावत आला तर कागद दाखवू नका, फोन द्या.