उजवी कड

भूपेंद्रने प्रिंटिंगचा नवा प्रोग्राम काढून टाकला आणि फ्लॉपीवरून जुनाच, दुरुस्त केलेला, परत बसवायला घेतला. कडोदऱ्याच्या त्या डाइंग मिलमधला तो एकटा कॉम्प्युटरवाला. साल अठ्ठ्याण्णव. लिनक्स ही फुकट मिळणारी कॉम्प्युटर-प्रणाली मिलमध्ये त्यानेच आणली होती.

फ्लॉपीवर दुरुस्तीची नोंद होती. लिनक्सच्या पक्क्या आवृत्तीत कुणी नवं काही घुसडत नाही. जुन्यातलं तेवढं भोक बुजवतात, बाकी सगळं होतं तसंच ठेवतात आणि खाली लिहितात, काय बिघडलं, कुणामुळे. इथे दूरदेशीच्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘मागची चूक माझीच.’ पुढे नाव.

भूपेंद्रने ते दोनदा वाचलं. मग स्वतःची नोंद टाइप करायला लागला.

काय बिघडलं:
जुना प्रोग्राम अधूनमधून शेवटची ओळ गाळायचा. ही फ्लॉपी महिन्यापूर्वीच आली होती. मी ती खणात टाकली आणि कॉम्प्युटरच्या मासिकासोबत आलेल्या सीडीवरची ताजी आवृत्ती बसवली. ओळ आली. पण पानाची उजवी कड कापली जाऊ लागली. रंगाच्या चिठ्ठीवर ०.१८ किलो निळ्याचं ०.१ झालं.

कुणाच्या लक्षात आलं:
हिलालमामांच्या. वीस वर्षं रंग तोलणारा माणूस बादली घेऊन दारात आला होता.

“भूपेंदर, निळा कमी दिखस रे.”

“मामा, मशीन चुकत नाही. चिठ्ठीत आहे तेवढंच घाला.”

काय झालं:
कापडाचे चाळीस ताके फिके निघाले. शेठने चिठ्ठी मागितली. ती नेहमीसारखी बादलीला चिकटवलेली, भिजून लगदा झालेली. मामांना घरी बसवलं. मी तिथेच होतो.

कुणामुळे:

कर्सर लुकलुकत राहिला. भूपेंद्र उठला, लुना काढली आणि गोडादऱ्याला मामांच्या खोलीवर गेला.

मामा खिडकीशी दोन निळ्या चिंध्या उजेडात धरून बसले होते.

“सोमवारपासून पॅकिंगमा जाणं शे,” ते म्हणाले. “मी जाईसन शेठनी माफी मागी उनू. मनीच चूक व्हती.”

“तुमची कशी?”

“चिठ्ठी खरी, तूच सांगं ना. मंग मालेच आकडा नीट दिखना नही. डोळा गया भो.” त्यांनी एक चिंधी पुढे केली. “हाई गडद शे ना?”

तीच गडद होती. किंचितच, भूपेंद्रला खिडकीपाशी जाऊन पाहावं लागलं.

“मामा...”

शोभामामींनी त्याच्या हातात चहाचा कप दिला. “उद्या यास्ले डोळास्ना डॉक्टरकडे लई जाणं शे. तू येशी का संगे? तुनावर भरोसा शे त्यास्ना.”

कप गरम होता. तो त्याने खाली ठेवला नाही.

“किती वाजता जायचं?” भूपेंद्रने विचारलं.