मानमोडीला निघालेली सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. जुनी म्हणजे किती, ते मला सांगता येणार नाही. पण ज्यांच्या लुगड्यांपासून मी झाले, त्या भागूबाईंना पाहिलेली माणसे आता दोनच उरली आहेत. त्या दोघी म्हणजे त्यांच्या लेकी. माझी गोष्ट या दोघी बहिणींची आहे आणि एका सभेची आहे. सभेचे नाव काढले की मला अजून किळस येते. तुम्ही म्हणाल, सतरंजीला कसली आली किळस, तिचा जन्मच पायाखाली जायचा! अहो, पायाखाली जाणे वेगळे आणि थुंकीखाली जाणे वेगळे.

भागूबाई गेल्या तेव्हा त्यांची लुगडी मागे राहिली. थोरली लेक जानकाबाई जुन्नर तालुक्यात डिंगोऱ्याला दिलेली, धाकटी साळुबाई आंबेगाव तालुक्यात घोडेगावला. आईची लुगडी नेसायला दोघींचाही जीव होईना, आणि टाकवेनात पण. त्या काळी ओतूरच्या बाजारात एक विणकर यायचा. जुने कपडे दिले की त्यांच्या पट्ट्यांची सतरंजी विणून द्यायचा. दोघी त्याच्यासमोर बसल्या आणि आपल्या हातांनी पट्ट्या फाडू लागल्या. फाडता फाडता रडल्या, आणि मग आईच्या कुठल्याशा खोडीची आठवण निघाली तशा हसायलाही लागल्या. हिरव्या आणि जांभळ्या लुगड्यांनी माझे अंग भरले. मोरपंखी लुगडे झिजून थोडेच उरले होते, ते एका कोपऱ्यातच संपले. तेव्हाच ठरले होते, की मी एक वर्ष डिंगोऱ्याला राहायचे आणि एक वर्ष घोडेगावला.

पहिले वर्ष डिंगोऱ्याला गेले. दुसरेही तिथेच गेले. मी खूप राबले. बारशाला, विहारातल्या वंदनेला, पाहुण्यारावळ्यांना मीच लागायचे. बसणारा हात फिरवून म्हणायचा, "लई झाक हाय वो सतरंजी. कुठून घेतली?" जानकाबाईंना ते ऐकायला आवडायचे. साळुबाई मागायच्या तेव्हा त्या आज देते, उद्या देते करायच्या. शेवटी एकदा त्यांनी सांगून टाकले, "उंदरांनी कुरतडली गं. टाकून दिली."

आणि पुढे भावकीतल्याच एका बारशाला मी भर मांडवात अंथरलेली साळुबाईंना दिसले. त्या जेवायला बसणार होत्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "माज्या आईला उंदरांनी खाल्लं म्हणलीस ना तू?" आणि न जेवता निघून गेल्या. त्यानंतर एकीने दुसरीचा उंबरा ओलांडला नाही. जानकाबाईंचा मुलगा रविंद्र, त्याचे लग्न झाले, यशोधरा सून म्हणून आली, नात अमृता कॉलेजात जाऊ लागली, तरी अबोला सुटला नाही. मी ट्रंकेत गेले. प्लॅस्टिकच्या चटया आल्या. माझ्यावर डांबरगोळ्या टाकून सगळे मला विसरले.

यंदा चैत्र सरताना जानकाबाईंनीच अमृताला साळुबाईंना फोन लावायला सांगितला. "साळे, पुनवेला मानमोडीच्या लेण्याला ये. आमी खीर घिऊन येतूय. अन् आईला घिऊन जा." पलीकडून एवढेच ऐकू आले, "येते."

घरी बोलावले असते तर साळुबाई आल्या नसत्या, आणि जानकाबाई त्यांच्या दारी गेल्या नसत्या. लेण्यावर मात्र कुणाचाच उंबरा नसतो. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला हे घर मानमोडीला जाऊन वंदना करते, सावलीत बसून खीर खाते. जुन्नर शहर ओलांडले की डोंगर समोरच दिसतो. मला धुऊन, उन्हात वाळवून, सुतळीने बांधून गाडीत ठेवले. सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत होत्या. रविंद्र गाडी चालवत होता आणि जानकाबाई गणेश खिंडीचा घाट उतरेपर्यंत माझ्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

जुन्नरच्या वेशीवर गाडी अडली. शहरात कुणा बड्या साहेबांची सभा होती. रस्त्यात लोखंडी अडथळे, जिकडेतिकडे झेंडे, आणि प्रत्येक खांबावर तोच एक चेहरा दात काढून हसत होता. हवालदार म्हणाला, "साहेबांचं हेलिकॉप्टर उतरल्याबिगर कुणाला सोडायचं न्हाई." आजारी माणसाची रिक्षा आली, तीही थांबवली. मागे गाड्यांची रांग लागली. उन्हाने पत्रा तापला. अमृता साळुबाईंना सारखा फोन लावत होती, पण तो लागत नव्हता.

तेवढ्यात भगवंत आला. हा डिंगोऱ्याचाच. गळ्यात उपरणे, छातीवर बिल्ला आणि चेहऱ्यावर अख्खा देश चालवत असल्याचा घाम. त्याने मला पाहिले.

"रविंद्रभाऊ, तासाभरासाठी सतरंजी द्या राव. बायका मातीत बसल्यात, आमच्या सतरंज्या कमी पडल्यात."

"न्हाई रं बाबा, ही द्यायची न्हाई," जानकाबाई म्हणाल्या.

"मावशी, तासाभराचा तर प्रश्न हाय. अन् मी तुमची गाडी सोडायला लावतो की! मागल्या रस्त्यानं नेतो थेट मानमोडीला."

रविंद्रने आईकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले. साळुबाई लेण्याखाली उन्हात वाट बघत असतील, असा त्याचा हिशेब होता. त्याने मला उचलले आणि भगवंतच्या खांद्यावर टाकले. गाडी काही सुटली नाही. भगवंत सभेत शिरला आणि ती सगळी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून राहिली, हे मला नंतर कळले.

मित्रांनो, आता जे सांगते ते जेवताना वाचू नका.

मला मंडपाच्या कडेला, बायकांच्या बाजूला टाकले. अंथरली असे मी म्हणणार नाही. चपला घालून माझ्यावरून माणसे गेली. पुरीभाजीची पाकिटे फुटली आणि रस्सा माझ्यात मुरला. पाण्याच्या पिशव्या दातांनी फोडून टाकल्या. एका तान्ह्या पोराला उन्हाने ओकारी झाली, त्याची आई बिचारी रडत ती पुसू लागली तर एक जण ओरडला, "ओ बाई, उठू नका, क्यामेरा चालू हाय!" दोरीपाशी एक बिल्लेवाला उभा होता. तोंडात गुटख्याचा तोबरा. एवढा मोठा माळ मोकळा पडला होता, पण त्याने मान वळवली आणि माझ्या मोरपंखी कोपऱ्यावर पिचकारी मारली. नंतर पुन्हा मारली. आणि वर भाषणात साहेब म्हणत होते, "माझ्या माता-भगिनींनो!" सतरंज्या उचलणारा ही आपल्याकडे टिंगल आहे म्हणे. उचलणाऱ्याची टिंगल होते, थुंकणाऱ्याला मात्र पुढची खुर्ची मिळते.

उशिरा आणखी एका गाडीतल्या बायका आणून बसवल्या. त्यात एक पांढऱ्या साडीची म्हातारी माझ्यावर टेकली. तिच्याही गळ्यात साहेबांच्या फोटोचे उपरणे घातलेले होते. शेजारणीला ती सांगू लागली, "अगं, मला सभेला न्हाई यायचं. मला मानमोडीला जायचंय. घोडेगावच्या स्टँडवर एकबी गाडी न्हाई. ही एक उभी व्हती. म्हणलं जुन्नरला जाती का? म्हणला जाती, बसा, तिकीट न्हाई. मला वाटलं माजी पंच्याहत्तरी झाली म्हणून तिकीट न्हाई! एसटीत न्हाईच लागत आमाला. अन् हितं आणून कोंडलं. फोनबी लागंना."

मी ओळखले. तुम्हीही ओळखले असेल.

बोलता बोलता साळुबाईंची बोटे माझ्यावरून फिरत होती. ती थांबली. त्यांनी खाली पाहिले, हिरवा पट्टा पाहिला, जांभळा पाहिला, सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत गेल्या. मोरपंखी कोपरा लाल झाला होता. सभा टाळ्या वाजवत होती. साळुबाई माझ्यावर हात ठेवून नुसत्या बसल्या, आणि हळूच म्हणाल्या, "द्यायची म्हणलीस, अन् हितं आणून टाकलीस."

मला ओरडून सांगावेसे वाटले, की अहो, त्यांनी नाही टाकली! त्या पलीकडे रस्त्यावर बसल्या आहेत तुमच्यासाठी! पण आम्हाला तोंड नसते. ज्यांना असते त्यांनी त्याचे काय केले, ते माझ्या कोपऱ्यावर दिसतच होते.

हेलिकॉप्टर गेले आणि मंडप रिकामा झाला. घोडेगावच्या गाडीचा हॉर्न वाजत राहिला, पण साळुबाई उठल्या नाहीत. भगवंत सतरंज्या गोळा करत आला. त्याचा आवाज बसला होता, उपरणे घामाने चिकटले होते.

"आजी, उठा आता. गाडी जाईल तुमची."

"जाऊ दे. जिची सतरंजी हाय तिच्या हातात दिईन, मंगच उठीन."

"अहो, तिचा मालक मला ठावं हाय."

"मालक?" साळुबाई कडाडल्या. "माज्या आईची लुगडी हायेत ही!"

तेवढ्यात रस्ता सुटल्यावर मला शोधत जानकाबाई आल्या. मागे रविंद्र, यशोधरा, अमृता. जानकाबाईंना आधी बहिणीच्या गळ्यातले उपरणे दिसले. दिवसभर उन्हात बसून त्यांचे डोके आधीच तापले होते.

"सभेला आलीस व्हय गं? मी तिकडं वाट बघून मेले, अन् तू पुढारीण झालीस?"

"अन् तू आईला थुकायला दिलीस! ह्यापरीस उंदरांनी खाल्ली असती तर बरं झालं असतं."

दोघी धापा टाकत होत्या. आता ही गाठ सुटली तर सुटली, नाहीतर कायमची बसली, एवढे मला कळत होते. मग रविंद्र पुढे आला.

"मावशी, आयनं न्हाई दिली. ती नगं म्हणत व्हती. मी दिली. हा रस्ता सोडतो म्हणला, म्हणून." त्याची मान खाली होती.

"मी तरी काय करू राव," भगवंत पुटपुटला. "मला वरून सांगितलं व्हतं."

साळुबाईंनी मग गाडीची हकिकत सांगितली. तिकिटाचे ऐकून जानकाबाई बहिणीकडे बघतच राहिल्या. "फुकट नेतोय म्हणला तवाच कळाया पायजे व्हतं, येडे!" त्यांच्या तोंडून हसू फुटले आणि लगेच डोळ्यांत पाणी आले. त्या गुडघे धरत खाली बसल्या आणि पदराने माझा कोपरा पुसायला वाकल्या.

"थांब, पांढरी हाय साडी," साळुबाई म्हणाल्या. त्यांनी गळ्यातले उपरणे काढले, बाटलीतले पाणी ओतले आणि त्या उपरण्याने थुंकी पुसू लागल्या. साहेबांचा हसरा चेहरा लाल झाला.

"अहो आजी, फोटो हाय त्याच्यावर साहेबांचा!" भगवंत ओरडला.

"मग दुसरं दे. बिनफोटोचं हाय का?"

भगवंतने इकडेतिकडे पाहिले. साऱ्या माळावर बिनफोटोचे फडके नव्हते. शेवटी त्यानेच पाण्याची आणखी एक बाटली आणून दिली.

खीर नासली होती. यशोधराने डबा उघडला आणि तसाच बाजूला नेऊन ओतला. मानमोडीचा डोंगर समोर दिसत होता, पण दिवस कलला होता आणि दोघींचे पाय सुजले होते. दोघींनी तिथेच, त्या उकिरड्यात, माझ्यावर बसून डोंगराकडे तोंड करून हात जोडले. मग साळुबाई गाडीत बसल्या आणि इतक्या वर्षांनी डिंगोऱ्याच्या घरात मुक्कामाला आल्या. आत येताना त्या उंबऱ्यावर क्षणभर थबकल्या, तर जानकाबाई म्हणाल्या, "ये की. का हेलिकॉप्टर उतरू दिऊ आधी?"

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून मला धुतले. एकीने घासले, दुसरीने पाणी ओतले. गुटखा गेला, रस्सा गेला. राहिला तो उपरण्याचा रंग. तो माझ्या मोरपंखी कोपऱ्यात उतरला, तो आजही निघत नाही. कुठला रंग ते विचारू नका. सगळ्यांचेच कच्चे असतात.

आता मी घोडेगावला साळुबाईंच्या घरी आहे. जानकाबाई येतात तेव्हा मी अंथरली जाते. पाहुणे अजूनही विचारतात, हा डाग कसला. दोघी एकदमच सांगायला लागतात आणि मग भांडतात, की नीट कुणाला सांगता येते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटावर किंवा ट्रंकेत माझ्यासारखी एखादी असेल. तिला ऊन दाखवा, झटका, तिच्यावर बसा, खा, झोपा, पोरे लोळवा, तिचे काही म्हणणे नाही. पण उद्या बिल्ला लावून कुणी दारात आला आणि तासाभरासाठी द्या म्हणाला, तर त्याला पाणी द्या, बसायला खुर्ची द्या आणि एवढेच विचारा, की तिच्यावर बसणार कोण आणि नंतर धुणार कोण? उत्तर मिळेपर्यंत सुतळी सोडू नका.