तळाची चिठ्ठी

"बाबा, ही ओतून देऊ का? तळाला दोन बोटं उरलंय नुसतं."

मुलगी फ्रिजचं दार उघडं धरून उभी होती. हातात हिरवी बाटली. मी चष्मा पुसत होतो, तो पुसायचा राहून गेला.

"ठेव ती."

"अहो, पण कधीची आहे? वास तरी बघा."

"ठेव म्हटलं ना. आईचा पाक आहे तो."

तिने ठेवली, पण फ्रिजमध्ये नाही, टेबलावर, माझ्या समोर. तिच्या आईची सवय. भांडायचं नाही, वस्तू मधोमध ठेवायची आणि गप्प बसायचं.

त्या बाटलीत माझ्या बायकोने केलेला लिंबाचा पाक आहे. शेवटचा. तिला जाऊन पाच महिने झाले. पाच महिने मी दर शनिवारी त्यातला एक चमचा घेतो, जास्त नाही. संपला की तळाची चिठ्ठी वाचावी लागेल, आणि ती मला वाचायची नव्हती.

चिठ्ठीचं सांगतो. बायको सरबताच्या कारखान्यात चव बघायचं काम करायची. एकतीस वर्षं. तिथे तिला सगळे जीभबाई म्हणायचे, तोंडावरसुद्धा. कामाच्या दिवशी सकाळी कांदा नाही, लसूण नाही, चहासुद्धा नाही. नमुन्याच्या बाटल्यांची चिठ्ठी तळाला चिकटवलेली असे. चव घेणाऱ्याने आधी वाचू नये म्हणून. चव बघायची, मग बाटली उलटी करून निकाल लिहायचा. 'पास' किंवा 'नापास, ओतून द्यावे'. एकदा तिने मोठी टाकी भरून माल नापास केला. मोठे साहेब स्वतः खाली आले. म्हणाले, "बाई, थोडंफार चालतं." ही म्हणाली, "मग तुम्ही प्या." टाकी गटारात गेली.

मी वजनकाटे दुरुस्त करायचो. दुकानदार म्हणायचे, थोडं इकडेतिकडे चालतं हो, मारा शिक्का. मी मारला नाही कधी. पारडं रिकामं असताना काटा मधोमध उभा राहिला पाहिजे, नाहीतर तो काटा नाही. नातेवाईक म्हणायचे, हे दोघं हट्टी एका घरात राहतात कसे? बरे राहिलो. घरात कोणी खोटं बोलत नसलं की भांडणं लवकर मिटतात.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही एकेक ग्लास घ्यायचो. गिमलेट. कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या केमिस्टने तिला शिकवलं होतं. दोन भाग जिन, एक भाग लिंबाचा पाक, भरपूर बर्फ, आणि चमच्याने तीस वेळा ढवळायचं. जास्त ढवळलं की पाणचट होतं. मग बर्फ मागे ठेवून गाळून घ्यायचं. बाजारचा पाक तिने घरात येऊ दिला नाही. लिंबाच्या सालीचा नुसता हिरवा भाग किसायची, साखरेत चोळायची आणि दिवसभर झाकून ठेवायची. साखरेला ओल सुटली की रस घालायची. शेवटी जिभेवर थेंब घेऊन वरून दळलेली साखर टाकायची, दोन चमचे, तीन चमचे, जसं लिंबू असेल तसं. बाटलीच्या तळाला चिठ्ठी. तारीख, किती लिंबं, किती साखर. निकाल पहिल्या ग्लासानंतर लिहायची. आणि बाटली संपेपर्यंत चिठ्ठी मी वाचायची नाही, हा घरचा नियम.

मग तिचं दुखणं आलं. औषधं चढवायला लागले आणि तिसऱ्या महिन्यात तिची चव गेली. स्वयंपाकघरात उभी होती. लिंबाची फोड चावली, नीट चावली, आणि म्हणाली, "पाणी आहे हो हे." रडली वगैरे नाही. उरलेली फोड ताटलीत ठेवली आणि हात पुसले. त्या दिवसापासून ती सगळं मोजून करायला लागली.

"मग आज मला करून द्या," मुलगी म्हणाली. "शनिवारच आहे. मी कधी प्यायलेच नाही आईच्या हातचं. आधी लहान होते, मग लांब राहायला गेले."

"लिंबं आण, ताजं करू."

"ताजं तुमच्या हातचं होईल. मला आईच्या हातचं हवंय."

तिला काय सांगणार? मी मापाचा पेला काढला. पाक ओतला. बाटली उपडी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबलो. दोन अर्धे ग्लास होतील एवढा निघाला. जिन घातली, बर्फ घातला, तीस वेळा ढवळलं. गाळून एक ग्लास तिच्याकडे सरकवला.

तिने एक घोट घेतला. भुवया वर गेल्या. दुसरा घोट घेतला, बघायला. मग ग्लास लांब सारला.

"बाबा, हे खारट आहे."

"माहितीये."

"माहितीये म्हणजे? नासलंय का?"

"नासलेलं नाही. पहिल्या दिवसापासून तसंच आहे."

मग सांगावंच लागलं. जायच्या आधी दोन महिने तिने हा पाक केला. स्टुलावर बसून. साल मी किसली, बाकी तिने. शेवटचे तीन चमचे दळलेल्या साखरेऐवजी मिठाच्या बरणीतले पडले. दोन्ही बरण्या सारख्या, दोन्हीत पांढरी पूड. मी तेव्हा बर्फ काढत होतो, पाठ होती. संध्याकाळी तिने माझ्यासाठी ग्लास भरला. स्वतःला नुसतं गार पाणी. मी घोट घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "जमलंय?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"जमलंय म्हणालो."

मुलीने खुर्ची पुढे ओढली.

"पुढच्या शनिवारी परत विचारलं. परत जमलंय म्हणालो. आठ शनिवार. शेवटच्या शनिवारी तिला उठवत नव्हतं, तर मी ग्लास पलंगापाशी नेऊन प्यायलो, तिला दिसावं म्हणून."

"आईला?" मुलीचा आवाज चढला. "चवीबद्दल? अहो, मी शाळेतून आल्यावर खोकल्याचं औषध गोड लागतंय म्हणाले, तर ती म्हणाली, नीट सांग, कडू आहे की गोड? आणि तुम्ही तिला..."

"कारण तिच्याकडे दुसरं काय राहिलं होतं?"

"तुम्ही राहिला होतात! तिची जीभ गेली म्हणून ती तुमच्या जिभेवर टेकली होती, बाबा. तुम्ही कोणाला खोटा शिक्का मारला नाहीत आयुष्यात. एकदाच मारलात, तोही तिला."

हेच मी पाच महिने स्वतःला सांगत होतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की जास्त लागतं. मी माझा ग्लास उचलला आणि प्यायलो. सवय झालेली आहे.

"म्हणून ओतू देत नव्हतात?" तिने जरा वेळाने विचारलं, आवाज खाली आणून.

"बाटली संपली की चिठ्ठी वाचायची. त्यावर 'पास' लिहिलेलं असणार, तिच्या अक्षरात. एकतीस वर्षांत तिने एक चुकीचा पास लिहिला नाही. तो एक माझ्यामुळे लिहिला असेल. ते मला बघायचं नाही."

मुलीने बाटलीकडे बघितलं. मीही. आत काही उरलं नव्हतं.

"संपली आता," ती म्हणाली. "घरचा नियम आहे."

तिने बाटली उलटी केली आणि माझ्या हातात दिली. चष्मा अर्धाच पुसलेला होता. खिडकीपाशी गेलो. चिठ्ठीचा कोपरा ओलीने सुटला होता, पण अक्षर ठीक होतं. हात कापत असताना काढलेलं, तरी ओळीत. वरच्या बाजूला तारीख. लिंबं सोळा. साखर तीन वाट्या. खाली निकालाची जागा. निकाल निळ्या शाईत होता. वरचं काळ्यात होतं. म्हणजे नंतर लिहिलेला, किती नंतर ते आता कळायचं नाही. मिठाची बरणी भरताना कळलं असेल. नाहीतर माझ्या तोंडावरून कळलं असेल. मला वाटत होतं, मला तोंड सांभाळता येतं.

लिहिलं होतं :

'मीठ पडले. नापास. ओतू नये.'

मी दोनदा वाचलं. मग चिठ्ठी मुलीकडे केली. ती वाचताना तिचे ओठ हलत होते, लहानपणी हलायचे तसे.

"म्हणजे तिला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तरी दर शनिवारी विचारायची, जमलंय का म्हणून?"

"हो."

"तुम्ही दोघं म्हणजे ना," ती म्हणाली. पदार्थ करपल्यावर खिडकी उघडतात तसं तिने उगाच खिडकीचं दार पुढे ढकललं. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

मग ती टेबलापाशी आली, बसली आणि लांब सारलेला ग्लास जवळ ओढला. बर्फ मागे ठेवलेला, त्यामुळे तो आता फारसा गार नव्हता. ती सगळा प्यायली. मध्ये थांबली नाही, तोंड वाकडं केलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"जमलंय?" मी विचारलं.

"जमलंय," ती म्हणाली, आणि ग्लास पालथा ठेवला.

बाटली मी धुतली नाही. खिडकीत उलटी उभी करून ठेवली, चिठ्ठी वर येईल अशी.