शांत झोपलेली भिंगरी

“रात्री पोर किती खाजवते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि दिसेल तेच सांगायचं. आपल्याला काय हवंय ते त्यात मिसळायचं नाही हं, ताई!”

औषधाच्या अभ्यासाचं काम बघणाऱ्या सिस्टरांचं हे बोलणं आज सकाळपासून आईच्या कानात घोंघावत होतं. दवाखान्याच्या बाकावर तिला धड बसवत नव्हतं, की उठवत नव्हतं.

तिची लेक भिंगरी. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. पण बिचारी ठरणार कशी? जन्मापासून यकृताचा दुर्मीळ आजार. पित्ताला वाट मिळत नाही, ते रक्तात साठतं आणि अंगाची आग आग करणारी खाज उठते. अशा मुलांसाठी इथे नव्या औषधाचा अभ्यास चालला होता. कुणाच्या बाटलीत खरं औषध आणि कुणाच्या बाटलीत नुसतंच गोड पाणी, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. सारी भिस्त आयांच्या डोळ्यांवर.

आणि आईने तर डोळ्यांनी पाहिलं होतं! भिंगरी अलीकडे रात्री शांत झोपत होती. तिने हरखून तसं कळवलं. असंच राहिलं तर पित्ताला वाट करून द्यायचं ऑपरेशन टळेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा देव पावला म्हणून तिने हात जोडले होते.

आज सकाळी घरी वेणी घालताना पोरगी म्हणाली, “आई, आजीचा हात सुजलाय. आता मला कोण चोळणार?”

“चोळणार म्हणजे?”

मग सगळं बाहेर आलं. आई समोरच्या खाटेवरून बघत असायची आणि नातीला कुशीत घेतलेली आजी पांघरुणाखालून तिची पाठ, पाय, तळवे चोळत राहायची. खाजवायची पाळीच येऊ द्यायची नाही.

“अहो, मला सांगायचं तरी!”

“काय सांगायचं? विष घातलं का मी? हातच फिरवला ना!” सासूबाई फणकारल्या. “तुमचा होतो अभ्यास, आणि पोरीचा जातो जीव.”

“आता गुण औषधाचा की तुमच्या हाताचा, कसं कळायचं?”

“नाही कळलं तर काय आभाळ कोसळतंय? सुरी टळतेय ना? मग झाकली मूठ राहू दे.”

भिंगरीने आईचा हात ओढला. “तू सांग ना डॉक्टरांना, मला अजून खाजतं म्हणून.”

“सांगेन गं राणी,” आईने शब्द दिला.

पण तपासणीच्या खोलीत डॉक्टर हसून म्हणाले, “झकास चाललंय! तुमच्या मुलीमुळे आम्हालाही हुरूप आलाय बघा.” सुरीचा धाक मोठा. आई नुसतीच मान हलवून बाहेर आली.

फाटकाशी येताच भिंगरी गजांना पाठ घासू लागली. “सांगितलंस?”

आईला तिच्याकडे बघवेना. उद्या हेच औषध दुसऱ्या कुणाच्या लेकराला देतील, या आजीच्या हाताच्या भरवशावर. आणि ही पोर आतल्या आत जळत राहील, आपण म्हणू, शांत झोपलीय.

तिने पिशवी सासूबाईंच्या चांगल्या हातात दिली.

“आता कुठे निघालीस?”

“हिला सावलीत बसवा. आलेच मी.”

“अगं, विचार कर!”

“केला,” ती हळूच म्हणाली आणि पुन्हा दवाखान्याचा जिना चढू लागली.