सोवळं छतावर

आमच्या सासरी कपडे वाळत नाहीत, लपतात.

धुतले की ते मधल्या खोलीत जातात. त्या खोलीला एकच खिडकी, तीही जिन्यात उघडते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, वर गरगरणारा पंखा, आणि दोऱ्यांवर आम्हा सगळ्यांचे कपडे इतके दाटीवाटीने टांगलेले की पलीकडे जायचं तर ओल्या टॉवेलची थप्पड खाऊनच जावं लागतं. थंडीत ते दिवसचे दिवस ओले राहतात. भादव्यात तर वाळतच नाहीत, नुसते कुबट होतात. आणि वर अख्खं छत रिकामं, उन्हात तापत पडलेलं. आम्ही ग्वाल्हेरवाले गच्चीला छतच म्हणतो आणि गल्लीला ओली. आमची दाना ओली.

माझ्या सासूबाईंचं, वनमालाबाईंचं, यावर ठरलेलं उत्तर आहे. "घरात माणसं किती, कोणाचं काय फाटलंय, हे सगळ्या दाना ओलीला कशाला कळायला हवं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

माझं माहेर गावातच, माधवगंजात. आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आले आणि इथलेच झाले. फौजेतलं आता काही उरलेलं नाही, फक्त माझी आई सुमनताई उरली आहे. ती छतावर चादरी, गोधड्या, परकर, वडिलांच्या भोकं पडलेल्या बनियनी, सगळं एका रांगेत टाकते आणि शेजारणीशी दोरीवरूनच गप्पा मारते. कोणी नाक मुरडलं तर म्हणते, "बघू दे ज्याला बघायचंय त्याला. धुतलेलंच आहे ना." त्या घरातून मी या घरात आले. कपड्यांवरून वाद होणारच होता. पण मी सांगते आहे तो वाद बनियनींचा नाही.

मधल्या खोलीत दोऱ्यांच्याही वर, कड्यांना टांगलेली एक बांबूची दांडी आहे. तिच्यावर फक्त सोवळं वाळतं. सोवळं म्हणजे देवाच्या स्वयंपाकाला नेसायचं लुगडं. आमच्याकडे रेशमी चालत नाही, सुतीच लागतं, ही सासूबाईंच्या सासूबाईंची शिस्त. आंघोळ करून ओलेत्यानं ते धुवायचं, काठीच्या टोकानं उचलून दांडीवर पसरायचं, आणि दुसऱ्या दिवशी काठीनंच काढायचं. मधे बिनसोवळ्याचं बोट लागलं की गेलं, पुन्हा धुवा. लग्न होऊन आले त्या दिवशी मला घर दाखवताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "दांडीखालून जरा जपून जात जा हं." तेव्हा मला वाटलं, डोक्याला लागेल म्हणून सांगताहेत.

केदारनं आणि मी आपल्या मर्जीनं लग्न केलं. तो ब्राह्मण, मी मराठा. दोन्ही घरांत जे व्हायचं ते झालं आणि निवळलं. सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. माझ्या हातचं रोज जेवतात, माझं भरीत मैत्रिणींना चाखायला देतात. फक्त भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की दुसऱ्या दिवशीच्या पुरणाच्या स्वयंपाकाला मला आत घेत नाहीत. "येऊ नकोस" असं कोणी म्हणत नाही. "नीलम, तू बाहेरचं बघ," म्हणतात. बाहेरचं म्हणजे रांगोळी, सतरंज्या आणि पाहुण्यांच्या चपला.

गेल्या वर्षी माझी यशश्री परकर नेसून आजीच्या हाताखाली आत गेली. ती आत चालते, ती या घराण्याची आहे. माझ्या पोटातून आली तरी. थोड्या वेळानं हाताला पुरण माखून बाहेर आली आणि मला म्हणाली, "मम्मी, तू अंदर का नाही येत? तुला पुरण बनवता नाही येत क्या?"

मी तिचे हात पुसले. पोरीनं मला अडाणी समजावं, त्याचं मला काही नाही. पण आज ना उद्या तिला खरं कारण कळणार होतं, आणि तोवर दरवर्षी बघून बघून ते तिला साहजिक वाटायला लागलं असतं. आई बाहेरची, हे साहजिक. ते मला चालणार नव्हतं. त्या दिवशी मी चपला नीट लावल्या आणि ठरवलं, हे शेवटचं.

या वर्षी सासूबाईंचा उजवा खांदा धरला. हात कानापर्यंतही जाईना. दरवर्षी मदतीला येणाऱ्या सुधाताई, केदारच्या आत्या, गुडघ्यामुळे इंदूरहून येणार नव्हत्या. मला वाटलं, आता तरी बोलावतील. महालक्ष्म्या यायच्या आदल्या संध्याकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "पुरणपोळ्या फूलबागेजवळच्या त्या केटररकडून मागवून टाकू. वरणभात मी करीन कसाबसा."

मी कप खाली ठेवला. "आई, त्याच्याकडे पोळ्या कोण लाटतं?"

"मला काय माहीत बाई."

"आंघोळ करून लाटतात?"

सासरे लक्ष्मीकांतराव आणि केदार दोघंही पेपर वाचायला लागले. पेपर एकच होता.

"म्हणजे ज्याचं नावही माहीत नाही त्याच्या हातची पोळी देवीला चालते. आणि माझ्या हातचं तुम्ही रोज जेवता, तर माझी नाही चालत."

"असं नसतं गं नीलम. पद्धत असते एकेक."

"मग पद्धतीनंच करते. लुगडं धुते, वाळवते, नेसते आणि पोळ्या करते. जायफळाची पूड तेवढी करून ठेवा."

"सोवळं वाळवशील कुठं? दांडी एकच आहे." माझ्याकडे न बघता त्या बोलल्या. दांडी चांगली लांब होती, दोन लुगडी सहज मावली असती. ते त्यांनाही माहीत होतं.

"छत मोठं आहे," मी म्हटलं.

सकाळी मी आंघोळ केली आणि ओलेत्यानंच आईनं लग्नात दिलेलं हिरवं सुती नऊवारी धुवायला घेतलं. शेजारच्या बादलीत सासूबाईंचं डाळिंबी लुगडं भिजत होतं. त्यांनी भिजवलं होतं खरं, पण ते पिळायचं कसं आणि काठीनं वर टाकायचं कसं, याचा विचार केला नव्हता. किंवा केला असेल आणि कोणाला सांगता येत नसेल. मी तेही धुतलं. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, आणि मग मला दोन भांडणं करावी लागली असती.

ओल्या साडीनं, एका हातात बादली, दुसऱ्यात काठी, अशी मी जिना चढले. केदार दारात उभा होता. म्हणाला, "नीलू, सोच ले." मी म्हटलं, "वर्षभर तेच केलंय."

टाकीच्या नळापासून कठड्याच्या खांबापर्यंत दोरी मी आधीच बांधून, धुऊन ठेवली होती. रात्री पाऊस येऊन गेला होता, आता ऊन चांगलं सणसणीत पडलं होतं. काठीच्या टोकावर लुगडं उचलणं दिसतं तितकं सोपं नाही. दोनदा घसरलं, पण खाली पडू दिलं नाही. शेवटी दोन्ही पसरली, डाळिंबी आणि हिरवं, शेजारी शेजारी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतक्या वर्षांत या छतावर एक रुमाल वाळला नव्हता. आजूबाजूच्या छतांवर माणसं थबकली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

जिन्यात पावलं वाजली. डाव्या हातानं कठडा धरत सासूबाई वर आल्या आणि उन्हानं डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"माझंही आणलंस?"

"तुमचा हात वर जात नाही. आंघोळ करून, ओलेत्यानं धुतलंय. काठीनं टाकलंय."

"धुताना हात लावलास ना?"

"लावला," मी म्हटलं. "आता तुम्हीच सांगा आई, ते सोवळं राहिलं की गेलं? सुधाताईंनी असंच धुतलं असतं तर राहिलं असतं. मी सगळे नियम पाळलेत. तरी गेलं म्हणाल, तर मग नियम लुगड्याचा नाही, माझा आहे. मग तसं स्पष्ट बोला. 'बाहेरचं बघ' असं गोड बोलू नका. आणि बोलाल ते यशश्रीसमोर बोला. तिनं गेल्या वर्षी विचारलं होतं. तिला तुम्हीच उत्तर द्या."

अंगावरची ओली साडी पायांना चिकटत होती. तेवढ्यात वारा आला. दोन्ही लुगडी फुगली, एकमेकांवर आदळली आणि हिरव्याचा पदर डाळिंबीला गुंडाळून बसला. आम्ही दोघी बघत होतो. मी काठी उचलली नाही. सोडवायचं तर त्यांनी सांगावं.

समोरच्या छतावरून विजयाबाईंनी हाक मारली. त्या केव्हापासून तुळशीला पाणी घालत होत्या. इतकं पाणी त्या तुळशीनं कधी प्यायलं नसेल. "वनमालाबाई, यंदा सोवळं छतावर? अन् ते हिरवं कोणाचं? सुधाताई आल्यात का?"

सासूबाईंचा जन्म ज्या भीतीत गेला ती ही. दाना ओलीला कळणं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. उन्हानं की कशानं, मला सांगता येणार नाही.

"सुधा नाही आली यंदा," त्या म्हणाल्या. "हिरवं माझ्या सुनेचं आहे."

"म्हणजे स्वयंपाकाला?"

"मग काय शोभेला?"

"नाही, म्हणजे..." विजयाबाईंनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला. "तुमची सून तर..."

"धुतलेलंच आहे," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या आईचं वाक्य. ते त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं, मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. विजयाबाई तुळशीकडे वळल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी बादली उचलायला वाकले.

सासूबाईंनी डावा हात पुढे केला. "ती काठी दे इकडे. अन् आधी कोरडं नेस जा, ताप आणशील. माकडं येतात इथं."

"मी बसते ना आई."

"तू बसलीस तर डाळ कोण निवडेल?" टाकीच्या सावलीत पालथ्या घातलेल्या कुंडीवर त्या बसल्या, काठी मांडीवर आडवी घेऊन. लुगडी तशीच एकमेकांत गुंतलेली होती. ती त्यांनी सोडवली नाहीत. खाली उतरताना मला त्यांचा आवाज ऐकू आला, "केदार, त्या केटररला सांग, पोळ्या नकोत." केदारनं पहिल्या हाकेला ओ दिली. तो जिन्यातच उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिरवं नेसून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. मला माझ्या आईसारखंच नेसता येतं, दाना ओलीतल्या बायकांसारखं नाही. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हा काष्टा कुठला?"

"माधवगंजचा."

"घट्ट आहे ना? चुलीपुढे सुटायला नको." एवढं म्हणून त्यांनी पुरणाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

पहिली पोळी तव्यावर टाकली तेव्हा यशश्री परकर सावरत दारात आली आणि मला बघून तिथेच थांबली. "मम्मी, तू अंदर?" मग तिनं आजीकडे बघितलं. "आजी, मग मी?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. त्या डाव्या हातानं जायफळ किसत होत्या. "तिला स्वयंपाक करायचाय. आज तू बाहेरचं बघ. पाहुण्यांच्या चपला नीट लाव."

यशश्री कुरकुरत गेली. नैवेद्याचं चाखायचं नसतं. सासूबाईंनी नुसता पुरणाचा रंग बघितला आणि म्हणाल्या, "गोड कमी आहे."

होतं कमी. मी गूळ घातला.