मुनशीला कोणतं कॉमिक द्यावं

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या गल्लीत रूपाली सोनकांबळेचं पुस्तकांचं दुकान होतं. समोर फिजिक्स-बायोलॉजीच्या गाईडांच्या थप्प्या, आणि गल्ल्याच्या मागे, सहज नजर जाणार नाही अशा जागी, कॉमिक्सचं एक कपाट. पोरांना घेऊन येणारे आईबाप त्या कपाटाकडे पानटपरीकडे बघावं तसं बघायचे. पण रूपालीचा जीव त्याच कपाटात होता. त्यातलं एकेक कॉमिक तिने वाचलेलं होतं. आणि कोणाला कोणतं द्यायचं हे ती वैद्याने नाडी बघावी तसं ठरवायची. झोप लागते का, जेवण जातं का, घरात कोणाशी बोलणं बंद आहे का, सगळं विचारून मग कपाट उघडायची.

एका दुपारी धोतर नेसलेला, कपाळावर विभूती लावलेला एक म्हातारा दुकानात आला. गाईडांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"माय, चित्राची पुस्तकं तुमच्याकडंच ना? हिरोच्या हाताखालचा असतो न्हाई का, तोच पुढं हिरो होतो, असलं एखांदं पाहिजे."

रूपालीच्या अंगावर काटाच आला. दुकान काढल्यापासून इतकी नेमकी मागणी कोणीच केली नव्हती. तिने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा अप्पा. कोणासाठी हवंय?"

"आमच्या मुनशीसाठी. मी देवणीचा, चंद्रप्पा. घरात नवाब आन् मुनशी, दोघं बराबरीनं वाढले. नवाब लई रुबाबदार. कुठंबी गेला की लोक त्यालाच बघायचे. मुनशी आपला त्याच्या उजव्या अंगाला, अर्धं पाऊल मागं. आता नवाबाला सरकारी नेमणूक मिळाली. हार घालून, गुलाल उधळून गाडीत बसवून दिला. तवापासून मुनशी अर्धं खातो, अर्धं त्याच्यासाठी ठेवतो. घराबाहेर निघायचं तर उजवीकडं सरकून उभा राहतो आन् वाट बघतो."

रूपालीच्या डोळ्यांसमोर दोन भाऊ उभे राहिले. एक बाबू झालेला, आणि दुसरा ताटात भाकरी झाकून ठेवणारा.

"वाचता येतं त्यांना?"

"न्हाई. पर ऐकतो लई मन लावून. माझी नात शिवानी सुट्टीत वाचून दाखवायची. आता ती नांदेडला हाय शिकायला, म्हणून मीच वाचतो, गल्लीबी ऐकाया बसती. तीच बोलली, लातूरच्या बाईकडं जा म्हणून."

रूपालीने थोडा विचार करून 'सूर्यास्त्र आणि काजवा' काढलं. "यात सूर्यास्त्र मरतो. काजवा खचून जातो, मग त्याच्या मशालीची शपथ घेऊन उभा राहतो. दुःख आधी बाहेर यायला पाहिजे अप्पा. त्याशिवाय माणूस उभा राहत नाही."

"बरुबर बोललात," म्हातारा म्हणाला आणि कॉमिक धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेऊन गेला.

आठवड्याभरात तो परत आला. चेहरा उतरलेला.

"माय, मुनशी रडला. सूर्यास्त्राला चितेवर ठेवलं तिथंच डोळ्यांतून धारा लागल्या. आता अर्धंबी खाईना झालाय. पाण्याला तोंड लावीना. त्याला वाटून राहिलं, नवाबबी मेला."

रूपालीने कपाळावर हात मारून घेतला. चूक तिचीच होती. विरहावर तिने मरणाचं औषध दिलं होतं. असल्या माणसाला आधी राग यायला हवा, राग आला की भूक लागते. तिने 'पहाडवीर आणि गोटी' काढलं. त्यात गोटी नावाचा साथीदार वर्षानुवर्षं पहाडवीराची ढाल पुसतो. एक दिवस ढालीत त्याला स्वतःचं तोंड दिसतं. मग तो ढाल फेकतो आणि पहाडवीराला डोंगरावरून खाली लोटतो.

"हे जरा तिखट आहे. पण चालेल."

"चालतंय. सध्या तो लई मिळमिळीत झालाय," चंद्रप्पा म्हणाले.

पुढच्या वेळी चंद्रप्पा आले ते लंगडत. मनगटाला फडकं बांधलेलं.

"लागू पडलं माय, पर जरा जास्तीच पडलं. ऐकता ऐकताच बिथरला तो. मला ढकललं, दाराची फळी तोडली, शेजारच्या वीरभद्राच्या ज्वारीत घुसला आन् रात्रभर तिथंच. वीरभद्र आता तक्रार करतो म्हणून राहिला. शेवटी चौघांनी धरून आणला. सध्या बांधून ठेवलाय."

"बांधून?" रूपाली ओरडलीच. "कशाने?"

"दाव्यानं."

"अहो अप्पा! असं बांधून ठेवतात का कोणी?"

"मग काय करावं? आमची मंडळी, धुरपता, बोलती, अजून दोन दिस बांधून ठेवा, आपोआप ठिकाणावर येईल."

त्या रात्री रूपालीला झोप लागली नाही. एक दुःखी माणूस देवणीत खुंटाला बांधलेला होता, आणि त्याला तसं वागायला लावणारं कॉमिक तिने विकलं होतं. सकाळी तिने दुकानाचं शटर ओढलं, 'महावादळ आणि झुळूक' पिशवीत टाकलं, आणि पोलीस चौकीत काय सांगायचं ते मनाशी घोळवत देवणीच्या एसटीत बसली.

चंद्रप्पांचं घर विचारायचीही गरज पडली नाही. स्टॅंडवर उतरल्या उतरल्या तिच्या पिशवीतलं कॉमिक बघून एकजण म्हणाला, "तुमीच का पुस्तकवाल्या बाई? चला, मुनशीकडंच निघालोय." वाटेभर तो माणूस पहाडवीराची बाजू घेऊन भांडत होता. गोटीने ढाल फेकणं ठीक, पण माणूस डोंगरावरून लोटायचं काय कारण होतं, असं त्याचं म्हणणं. रूपाली त्याला उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

दारात धुरपताबाई उभ्या होत्या, चंद्रप्पांच्या पत्नी. "आलीस का बाय, बरं झालं. सकाळपसून नव्या पुस्तकाची वाट बघून राहिलाय तो."

"कुठे आहेत ते? आधी त्यांना सोडा!"

"सोडते की, पर तू जरा लांब उभी राहा."

धुरपताबाई तिला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे कडुनिंबाखाली भला थोरला पांढराशुभ्र वळू उभा होता. कान लांब, गळ्याखाली कातड्याची पोळी लोंबती, आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्याभोर, जणू कोणी मुखवटा चढवलाय.

रूपालीने त्याला शिंगांपासून शेपटीपर्यंत पाहिलं. मग त्याच्या शेजारी उभ्या चंद्रप्पांकडे वळली.

"अप्पा, हा बैल आहे."

"वळू हाय," चंद्रप्पांनी दुरुस्त केलं. "देवणी जातीचा. नवाबबी तसाच, सरकारनं पैदास केंद्रावर नेलेला. दुसरं काय असणार?"

रूपालीला आधी हसू आलं, मग राग आला. लातूरहून इथवर आपण एका जनावरासाठी आलो! पण मुनशीने मान वळवून तिच्याकडे, नव्हे, तिच्या पिशवीकडे पाहिलं. ती नजर तिला ओळखीची वाटली. कपाटासमोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक असंच बघतं. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, असं म्हणून तिने पदर खोचला.

"भूक?"

"ज्वारीत घुसल्यापसून बरी हाय," धुरपताबाई म्हणाल्या.

"झोप?"

"उभ्याउभ्या."

रूपाली ओट्यावर बसली. एव्हाना अर्धी गल्ली गोळा झाली होती, त्यात वीरभद्रही होता. तिने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, कारण न समजावता वाचणं तिला पटत नव्हतं. "यात महावादळ मरत नाही. त्याचं आणि झुळुकीचं भांडणही होत नाही. त्याला दुसऱ्या शहरात काम लागतं, तो जातो. झुळूक तो निघाला त्या दिशेला तोंड करून बसून राहते. गावावर संकट येतं, लोक महावादळाला हाका मारतात. कोणीच येत नाही म्हणून शेवटी झुळूक उठते. तिच्या वाऱ्याने घरं उडत नाहीत, फक्त धुरळा बसतो. पण संकट धुरळ्याचंच असतं."

"हे बरं हाय," वीरभद्र म्हणाला. "ह्यात कुणाच्या ज्वारीचं नुकसान न्हाई."

तिने वाचायला सुरुवात केली. प्रत्येक चित्र ती मुनशीसमोर धरायची, मग गल्लीकडे फिरवायची. मुनशीने रवंथ थांबवलं. झुळूक उठली तिथे त्याने कान टवकारले. गाव वाचलं तिथे त्याने दीर्घ सुस्कारा सोडला, आणि पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसायला लागल्या. मग आलं शेवटचं पान. महावादळ परत येतो आणि झुळुकीला विचारतो, "आता मी कुठं उभा राहू?" रूपालीने पान समोर धरायचा अवकाश, मुनशीने जीभ बाहेर काढली आणि अख्खं पान फाडून तोंडात घातलं.

"अरे!" रूपाली ओरडली. "शेवट राहिला!"

"राहू द्या," चंद्रप्पा म्हणाले. "खाऊन तर राहिला."

मुनशीने पान चावून गिळलं. मग गव्हाणीत तोंड घालून पुढ्यातला सगळा कडबा संपवला. नवाबाच्या बाजूचासुद्धा. धुरपताबाईंनी रूपालीची अलाबला घेतली आणि तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

जनावरांचं प्रदर्शन पंधरवड्यावर होतं. रूपाली त्याला गेली नसती, पण चंद्रप्पांनी तिचं नाव मुनशीच्या माणसांत घातलं होतं. मैदानात धूळ, हलग्या, लाऊडस्पीकर. मुनशी एकटा चालत आला, कोणाच्या उजवीकडे न सरकता, मधोमध. चंद्रप्पांची छाती फुगली.

तेवढ्यात लाऊडस्पीकरवरून घोषणा झाली, "आता आपल्यासमोर येत आहे आपल्याच तालुक्याचा सुपुत्र, सध्या सरकारी सेवेत असलेला नवाब!"

कोपऱ्यातल्या गाडीतून नवाब उतरला. कानात बिल्ला, अंगावर झूल, दोन माणसं धरायला. मुनशी जागच्या जागी थबकला.

रूपालीने चंद्रप्पांचा दंड धरला. "अप्पा, असं घडलं तर काय करायचं ते शेवटच्या पानात होतं! त्याने ते वाचलेलंच नाही!"

"वाचलं न्हाई, पर खाल्लं तर हाय," चंद्रप्पा म्हणाले.

मुनशीने नवाबाकडे पाहिलं. नवाबाने मुनशीकडे. मग मुनशी पुढे निघाला, शांतपणे, सणाच्या दिवशी घरातला कर्ता निघावा तसा. नवाबाने दोन्ही माणसांना हिसडा दिला, झूल एका शिंगावर अडकलेली तशीच ठेवून धावत आला, आणि मुनशीच्या उजव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे, चालायला लागला. मागून ती दोन सरकारी माणसं, "अहो, आमचा आहे तो" म्हणत.

परीक्षकांची पंचाईत झाली. जोडी म्हणून नोंद नव्हती, आणि एकेकटे दोघं उभे राहीनात. बरीच वादावादी होऊन पहिलं बक्षीस उदगीरकडच्या एका कोऱ्या, निवांत वळूला गेलं. त्याला कसलीच भानगड माहीत नव्हती. देवणीकरांनी तरी मुनशीच्याच अंगावर गुलाल उधळला. वीरभद्राने सगळ्यांत जास्त. संध्याकाळी नवाबाला गाडीत चढवताना मुनशी बाजूला उभा होता. गाडी गेली तसा तो वळला आणि कोणी ओढायच्या आत घराच्या वाटेला लागला. चंद्रप्पा मागून चालत होते, टोपीने डोळे पुसत.

रूपाली लातूरला परतली आणि गाईडं विकू लागली. पण बातमी एसटीच्याही पुढे धावते. सोमवारी सकाळी शटर उघडायच्या आधीच दुकानासमोर एक माणूस उभा होता. अर्धापूरचा, केळीच्या बागेचा मालक, नाव रामलिंग.

"ताई, माझी म्हैस हाय. दूध देते, पर मन लावून देत न्हाई."

पलीकडच्या शिकवणीला चाललेली पोरं थांबून बघू लागली. रूपालीने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. घरात कोणाशी बोलणं बंद आहे का तिचं?"

रामलिंगने जरा विचार केला. "माझ्या आईशी," तो म्हणाला.

रूपालीने मान डोलावली आणि कपाटाची किल्ली काढली.